ऋतूंची नावे आणि विभक्तीचे प्रत्यय

मराठी शाळेच्या खालच्या इयत्तांत ऋतूंचा पाठ असतोच असतो. गुरुजी फळ्यावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी तीन नावे लिहितात, त्याखाली वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर अशी सहा लिहितात, आणि मुले ती तालावर म्हणतात. एक-दोन इयत्ता पुढे गेल्यावर त्याच मुलांपुढे विभक्तीचा तक्ता येतो, व तोही त्याच तालावर म्हटला जातो. हे दोन पाठ एकमेकांना कधी भेटत नाहीत. ते भेटतात मुलाच्या वहीत. बडोद्याच्या बाजूचा मुलगा 'उन्हाळात आंबे पिकतात' असे लिहितो, दुसरा कोणी 'पाऊसात आम्ही भिजलो' असे लिहितो, आणि तांबड्या शाईची रेघ दोघांनाही सारखीच मिळते. आम्ही अनेक वर्षे अशा वह्या तपासल्या व अशा रेघा ओढल्या. त्या रेघांखाली मुलाचा निष्काळजीपणा किती आणि भाषेचा इतिहास किती, हा विचार मात्र आम्हांस फार उशिरा सुचला. तो येथे मांडावयाचा आहे.

प्रथम तक्त्याकडे पाहू. हा तक्ता मुळात मुलांसाठी झाला नव्हता, हे विसरता कामा नये. आपल्या प्रदेशातील भाषांचे प्रत्यय छापील पुस्तकात मांडण्याचे काम प्रथम परकीयांनी, परकीयांसाठी केले. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी रचलेले कोकणीचे पोर्तुगीज व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापून निघाले; ते धर्मोपदेशकांच्या उपयोगाचे होते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले. ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील इंग्रज कामगारांना मराठी यावी म्हणून. ज्याच्या कानावर मराठी कधी पडली नाही अशा प्रौढ माणसास तक्ता हवाच असतो. 'घर' या शब्दापासून 'घरास, घराने, घरातून' ही रूपे कशी होतात, हे त्याला दुसरीकडून कळण्याचा मार्ग नाही.

१८३६ साली चित्र पालटले. त्या एकाच वर्षी दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आणि बाळशास्त्री जांभेकरांचे 'बालव्याकरण' ही दोन पुस्तके निघाली. आता वाचणारा एतद्देशीय होता, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या तर नावातच बालक होता. दादोबांनी संस्कृत विभक्तींची चौकट मराठीस लावली. तिच्यामुळे व्याकरणाला शिस्त आली यात संशय नाही. परंतु स, ला, ते हे प्रत्यय द्वितीयेलाही लागतात आणि चतुर्थीलाही, मग त्या दोन का म्हणावयाच्या, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक हुशार मुलाने विचारला आहे आणि प्रत्येक थकलेल्या मास्तराने टाळला आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या विषयाची जितकी सांगोपांग चर्चा आहे, तितकी त्यापूर्वी झाली नव्हती. पुढे अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' करून ही चौकटच तपासावयास घेतली, आणि कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकरांनी तो विचार अनेक वर्षे चालविला. विद्वानांत चौकट हलली. शाळेत ती होती तेथेच राहिली.

या संबंधात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दादोबा काही काळ माळव्यातील जावरा संस्थानात नबाबाचे शिक्षक होते, आणि दामले उज्जैनच्या माधव कॉलेजात अध्यापन करीत होते. मराठीचे दोन थोर वैयाकरण माळव्याच्या हिंदी वातावरणात राहून आले, याला आम्ही फार मोठा अर्थ देत नाही. तथापि आपली भाषा चारचौघांत वेगळी पडली म्हणजे तिच्या प्रत्ययांकडे लक्ष जाते, हा अनुभव महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी शिक्षकास आहे. पुण्याच्या मुलाला 'पावसात' हे रूप शिकवावे लागत नाही; ते त्याच्या कानात अगोदरच असते. त्याला तक्ता म्हणजे आपल्याच घराचा नकाशा. आमचे मूल घरी मराठी बोलते, अंगणात गुजराती, हिंदी, कन्नड, तेलुगू वा कोकणी ऐकते. ते कॅरीसाहेबांच्या विद्यार्थ्याइतके परके नाही आणि पुण्याच्या मुलाइतके घरचेही नाही. त्याच्यासाठी व्याकरण कोणी लिहिलेच नाही.

आता ऋतूंच्या नावांकडे वळू. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या तिन्ही शब्दांच्या शेवटी एकच अवशेष आहे, आणि तो आहे 'काल' या शब्दाचा. उष्णकाल या शब्दातील 'क' प्राकृतात झिजला, 'ल'चा 'ळ' झाला, आणि उन्हाळा उरला. हिमकालाचा हिवाळा झाला, आणि पावसाचा काल तो पावसाळा. मुलांना हे सांगितले की त्यांना मोठी गंमत वाटते, आणि मग ती घोटाळा, कंटाळा, जिव्हाळा हेही ऋतू आहेत काय म्हणून विचारतात. कंटाळ्याचा ऋतू कोणता, हे आम्ही त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

पण खरी गंमत शेजारच्या भाषांत आहे. गुजरातीत उनाळो व शियाळो म्हणतात; शियाळो म्हणजे शीतकाल. त्याच शीतकालाचे रूप गोव्याच्या कोकणीत शिंयाळो असे ऐकू येते. बेळगावात कानडी शेजारीण पावसाळ्यास मळेगाल व हिवाळ्यास चळिगाल म्हणते. मळे म्हणजे पाऊस, चळि म्हणजे थंडी, आणि गाल म्हणजे समासात मृदू झालेला तोच काल. हैदराबादेत तेलुगूत एंडाकालम्, वानाकालम्, चलिकालम्. तेथे तर काल अंगावर ओरखडाही न उमटता उभा आहे. आर्य कुळातील आणि द्राविड कुळातील भाषांनी ऊन, पाऊस, थंडी यांची आपापली नावे ठेवली, पण ऋतू बांधावयास गाठ एकच घेतली. बेळगावच्या मुलाला 'पावसाळा' आणि 'मळेगाल' हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून त्यांचे तुकडे पाडून दाखवावेत. प्रत्यय म्हणजे काय, शब्दाचे अंग कोणते आणि त्याला जोडलेले कोणते, हे दहा व्याख्यांनी समजत नाही ते त्याला तेथे समजते. शेजारची भाषा मराठी बिघडविते अशी तक्रार आम्हीही पुष्कळ केली. ती मराठी उलगडूनही दाखविते, हे या तीन शब्दांनी आम्हांस शिकविले.

उन्हाळ्याला गोव्यात 'गीम' म्हणतात. हा शब्द ऐकून एका शाळेत मुलास 'अशुद्ध' म्हणून खाली बसविल्याचे आम्ही पाहिले आहे. गीम म्हणजे ग्रीष्म. प्राकृतात त्याचे गिम्ह झाले आणि कोकणीने तो घरात जपून ठेवला. आम्ही मात्र घरात उन्हाळा ठेवला व ग्रीष्म पुस्तकातून परत आणला. अशुद्ध कोण ठरले?

सहा ऋतूंची नावे मराठी मुलांना ऋतू म्हणून फारशी भेटतच नाहीत, ती वर्गसोबती म्हणून भेटतात. वसंत, शरद, हेमंत, शिशिर ही मुले आणि वर्षा ही मुलगी हजेरीपटावर असतात. ग्रीष्म हे नाव ठेवण्याचे धैर्य मात्र आईबापांना होत नसावे. येथे शिक्षकाच्या हाती एक उत्तम उदाहरण आपोआप येते. 'वर्षा' हा ऋतू असेल तर 'वर्षेचे आगमन' असे सामान्यरूप होते. वर्षा बाकावर बसली असेल तर तिला 'वर्षाची वही' दिली जाते. ऋतू 'वसंतात' येतो, आणि वसंत या मुलाने 'वसंतने' म्हणून सही केलेली चालते. विशेषनामाचे सामान्यरूप आज बोलण्यात बहुधा होत नाही, हा नियम एवढ्या स्वाभाविकपणे दुसऱ्या कोणत्या पाठात सापडेल?

लिंगाचीही गोष्ट आहे. संस्कृतात प्रावृष् व शरद् हे दोन्ही स्त्रीलिंगी शब्द. प्राकृतात ते पुल्लिंगी होतात अशी नोंद वररुचीने आणि पुढे हेमचंद्राने आपापल्या व्याकरणांत मुद्दाम केली आहे. प्रावृष्‌चा पाउस झाला तो पुल्लिंगी होऊनच मराठीत आला. म्हणजे ऋतूंची नावे आणि शब्दांची रूपे यांची सांगड घालणारे आम्ही पहिले नव्हे. प्राकृत वैयाकरणांनाही या शब्दांपाशी थांबावे लागले होते. पाऊस पुल्लिंगी म्हणून 'पावसात', वीज स्त्रीलिंगी म्हणून 'विजेने', धुके नपुंसकलिंगी म्हणून 'धुक्यात'. लिंग चुकले की सामान्यरूप चुकते. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्याच नपुंसकलिंगी. त्यामुळे बेळगावच्या सीमेवरील मुलाला वारा 'तो', थंडी 'ती' आणि धुके 'ते' का, हे उमगत नाही. त्याची चूक प्रत्ययाची दिसते, पण मूळ त्याच्याही मागे असते.

बडोद्याच्या मुलाचे 'उन्हाळात' आता समजेल. गुजरातीत उनाळो या शब्दाचे 'उनाळामां' होते. शेवटचा ओ जाऊन आ येतो आणि पुढे प्रत्यय लागतो. मुलाने तोच न्याय मराठीस लावला. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीतील 'जाड़ा' शब्दाचे 'जाड़े में' होते, म्हणून तिकडच्या वह्यांत 'हिवाळेत' सापडते. दोघेही नियमानेच चालले आहेत, फक्त नियम शेजारचा आहे. आणि मराठीत हा 'या' कोठून आला? जुन्या मराठीत त्याचे 'एया' असे रूप दिसते. ज्यूल ब्लॉक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथात (वा. गो. परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर १९४१ साली प्रसिद्ध केले) मराठी सामान्यरूपाचा उगम जुन्या षष्ठीत शोधला आहे. 'पावसा' यातील आ म्हणजे संस्कृत 'स्य'चा झिजून उरलेला शेवट. ज्यास आम्ही 'प्रत्यय लागण्यापूर्वीचा विकार' म्हणून मुलांपुढे ठेवतो, तो स्वतःच एक प्राचीन प्रत्यय आहे! तिसरीच्या वर्गात हे सांगावयाचे नाही. परंतु सांगणाऱ्यास ते ठाऊक असले, तर तो 'उन्हाळात' लिहिणाऱ्या मुलाकडे अधिक समजुतीने पाहील.

'पाऊसात' ही चूक मात्र कोणा शेजाऱ्याची नाही. ती मराठीच्या स्वभावातली आहे. पाऊस-पावसात, ऊन-उन्हात, वीज-विजेत, खरीप-खरिपात: शब्द प्रत्ययाकडे झुकला की उपान्त्य स्वर आखडतो, कोठे त्याचा व होतो, कोठे दडलेला ह पुन्हा वर येतो. 'ऊन' लिहिताना न दिसणारा ह 'उन्हात' आणि 'उन्हाळा' यांत दिसतो, हे उष्ण शब्दाचे उपकार. हे सारे शब्द ऋतूंचेच आहेत हे लक्षात घ्यावे. जे नियम शिकविण्यासाठी पाठ्यपुस्तके ठिकठिकाणची उदाहरणे गोळा करतात, ते सर्व एका ऋतूच्या पाठात बसून आहेत.

काळ दाखविणाऱ्या प्रत्ययांची एक गोष्ट तक्त्यात कोठेच येत नाही. मराठीत सकाळी, दुपारी, रात्री, सोमवारी असे म्हणतात. पण उन्हाळ्यात, चैत्रात, मृगात. आणि दसऱ्याला, संक्रांतीला, पंचमीस. दिवसाच्या भागाला व वाराला 'ई', लांबणाऱ्या काळाला 'त', एका तिथीच्या सणाला 'ला' वा 'स'. म्हणून पाडव्याला, पण दिवाळीत. कारण दिवाळी चार दिवसांची. 'वर्षी' हा शब्द सर्वांत लांब असूनही 'ई' घेतो व आमचा नियम मोडतो. भाषेला नियमांची भीती नाही, ती आम्हांला आहे. तक्त्यातील 'त, ई, आ' ही सप्तमी पाठ झालेल्या मुलालाही 'उन्हाळी आंबे येतात' असे लिहावे की 'उन्हाळ्यात', हे कळत नाही, कारण तक्ता प्रत्यय सांगतो, जागा सांगत नाही. शिवाय 'उन्हाळी', 'पावसाळी', 'हिवाळी' ही आज विशेषणे होऊन बसली आहेत. विधिमंडळाचे अधिवेशन हिवाळी असते आणि ते हिवाळ्यात भरते. एका वाक्यात दोन्ही आले की भेद मनावर ठसतो.

महिन्यांच्या बाबतीत माळव्यातील मराठी शिक्षकाची अडचण निराळीच. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत ते पौर्णिमेला संपतात. म्हणून आपल्या श्रावण वद्य अष्टमीची जन्माष्टमी तिकडे भाद्रपदात पडते, आणि माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र फाल्गुनात. इंदूरचे मूल घरच्या मराठी पंचांगात एक महिना पाहते आणि शेजारच्या घरी दुसराच. श्रावणी सोमवार तर शेजाऱ्यांचे पंधरा दिवस आधीच सुरू होतात. 'श्रावणात' या शब्दाचा प्रत्यय बरोबर लिहिला तरी श्रावण कोणता, हा प्रश्न राहतोच. या मुलाला दोन्ही रीती सांगाव्यात. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, फरक फक्त वद्य पक्षाच्या नावाचा, हे कळले की ते घरात आजीला समजावून सांगू लागते. 'ऋतू' या शब्दाचा उच्चारही ते घरी 'रुतू' व बाहेर 'रितु' असा ऐकते. त्यात शुद्ध-अशुद्ध काही नाही.

शुद्धलेखनाच्या एका बदलाचा येथे उल्लेख अवश्य आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम ठरविले. पूर्वी 'ऋतु' ऱ्हस्व लिहीत, आता 'ऋतू' दीर्घ. समासात मात्र 'ऋतुचक्र'. जुन्या पुस्तकांतून शिकलेल्या शिक्षकांना व नव्या पुस्तकांतून शिकणाऱ्या मुलांना त्यामुळे काही वर्षे एकमेकांच्या चुका काढण्याचे सुख मिळाले. तथापि या बदलाचा एक लाभ फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. पूर्वी 'उन्हाळ्यांत' असा अनुस्वार एकवचनीही देत. तो 'अंतर्' या शब्दाची आठवण होता. तो गेल्यावर 'उन्हाळ्यात' म्हणजे एका उन्हाळ्यात आणि 'गेल्या तीन उन्हाळ्यांत' म्हणजे अनेक, हा भेद डोळ्यांना दिसू लागला. व्युत्पत्ती हरवली, वचन सापडले. आम्ही जुन्या वळणाचे. अनुस्वार गेले तेव्हा हळहळलो होतो. वर्गात मात्र नव्या लेखनाने शिकविणे सोपे झाले, हे कबूल केले पाहिजे.

या प्रश्नाला महाराष्ट्राबाहेर जे महत्त्व आहे ते केवळ गुणांचे नाही. साहित्य संमेलने १९२८ साली ग्वाल्हेरला, १९२९ साली बेळगावला, १९३० साली मडगावला आणि १९३१ साली हैदराबादला भरली. ओळीने चार वर्षे आजच्या महाराष्ट्राबाहेर. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो सर्व बडोदे राज्यात नेला, तेव्हा गुजराती प्रजेच्या त्या राज्यात मराठी वाचणारी मुलेही शाळेत जात होती. पुढे संस्थाने गेली. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम येऊन भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी असे म्हटले गेले. सोय झाली, कोठे टिकली, कोठे टिकली नाही. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत आज नातू आजीशी मराठी बोलतो, पण मराठी लिहीत नाही. त्याच्या बोलण्यात नामे सगळी मराठी असतात. पहिल्याने जातात ते प्रत्यय. 'उन्हाळ्यात'चे 'उन्हाळामध्ये' होते, मग 'गर्मीमध्ये', मग मराठीचे 'मध्ये' तेवढे उरते.

अशाच एका घरी गेल्या ज्येष्ठात आम्ही बसलो होतो. मृगाची पहिली सर आली. सात वर्षांची नात खिडकीतून ओरडली, 'आजी, पाऊसमध्ये कपडे भिजले!' आजी उठली, दोरीवरचे कपडे ओढून घेतले, आणि आत येता येता सहज म्हणाली, 'पावसात भिजले गं, पावसात.' मुलगी दोन क्षण थांबली. मग तिने खिडकीबाहेर हात काढला आणि 'पावसात, पावसात' म्हणत तो ओला करीत राहिली.